पाल्यावर पोसलेला पहिलवान

सह्याद्रीत भटकताना ज्याच्या अंगाला खाजकुयली घासली आहे, त्याला जास्त सांगायला नको. रवांडाच्या विरुंगा डोंगरांत अशीच एक अंगाची आग करणारी वनस्पती उगवते. डोंगरी गोरिला ती आवडीनं खातो. पण कशी? एका हातानं खोड धरायचं, दुसऱ्या हाताची सैल मूठ खालून वर ओढत पानं ओरबाडायची. मग जास्त झोंबणारे देठ पिळून तोडायचे, पानांची जुडी अंगठ्यावरून दुमडायची आणि घास तोंडात. बाहेर राहते ती एकाच पानाची खालची, कमी झोंबणारी बाजू. रिचर्ड बर्न या शास्त्रज्ञानं हे हस्तकौशल्य बारकाईनं टिपलं. आपली अळूवडी याहून फार अवघड नसावी!

१९३३च्या ‘किंग काँग’नं गोरिलाला राक्षस करून ठेवलं, त्याला सिनेमावाल्यांइतकंच त्याचं शरीरही जबाबदार. पूर्ण वाढलेला नर १५० ते २०० किलोंचा, मादी त्याच्या निम्म्यानं. नराच्या डोक्यावर टोपीसारखा उंचवटा दिसतो. कवटीच्या मधोमध हाडाची एक कड असते आणि जबड्याचे दांडगे स्नायू तिला बांधलेले असतात. एवढी ताकद कशासाठी, तर चिवट पाला चघळायला. सुळे भयंकर असतात खरे, पण ते दुसऱ्या नरासाठी, मांसासाठी नव्हे. सुटलेलं पोटही चरबीचं नाही. आत लांबरुंद मोठं आतडं असतं आणि तिथं जिवाणू पाल्यातला चोथा आंबवून त्यातून ऊर्जा काढून देतात. पाल्यात कस कमी, म्हणून खाणं भरपूर: नराला दिवसाला १८ किलोंहून जास्त लागतं. पाला ओलसर असल्यानं पाणी प्यायला तो क्वचितच जातो.

सखल जंगलातले गोरिला फळांचे शौकीन. त्यासाठी झाडावर चढतात, वाळवीही खातात. डोंगरावर फळं कमी, त्यामुळे तिथं रानसेलरीचे दांडे उसासारखे दातांनी सोलायचे आणि आतला गर खायचा. बांबूला कोंब फुटले की मात्र सगळा कळप तिकडे.

मिठाची गंमत वेगळीच. पाल्यात सोडियम नगण्य. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला कुजक्या ओंडक्यांना चाटतात, त्यांचे तुकडे चघळतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हे लाकूड त्यांच्या खाण्यात चार टक्क्यांहूनही कमी, पण ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम त्यातूनच मिळतं. एकच ओंडका चाटायला ते पुन्हा पुन्हा येतात.