जबलपूरच्या दंडाधिकाऱ्याचा हेतू

‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. त्या दंडाधिकाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणाला सांगता येईल. खटल्याच्या शीर्षकात केवळ हुद्दा आहे. आणि खरा वाद होता तो त्या हुद्द्यावरील व्यक्तीच्या हेतूचा.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जारी झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करण्यात आली. ‘मिसा’खाली स्थानबद्ध झालेल्यांत जबलपूरचे शुक्लही होते. आणीबाणीपूर्वीच्या पोटनिवडणुकीत शेठ गोविंददासांची जागा तरुण शरद यादवांनी काँग्रेसकडून हिसकावलेले हे शहर. तेथे अटकसत्र न होते तरच नवल.

‘मिसा’चा सारा डोलारा अधिकाऱ्याच्या ‘समाधाना’वर उभा होता. हे समाधान त्याने स्वतः कागदपत्रे पाहून करून घेतले, की वरून आलेल्या यादीवर सही ठोकली? की कोणाचा जुना हिशेब चुकता केला? एवढे तरी तपासता येईल, असे जबलपूरच्या उच्च न्यायालयाने म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचाही कौल तसाच होता. सरकार अपिलात गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आदेश बेकायदा आहे किंवा कुहेतूने काढला आहे, या कारणावरूनही बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका करता येणार नाही. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, हे मराठी माणसाला बोचणारे सत्य. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्या. हंसराज खन्ना यांनी सुनावणीत विचारले होते. आणीबाणी असेतो उपाय नाही, असेच महाधिवक्ता नीरेन डे यांना सांगावे लागले. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले.

हेतूची तपासणी अखेर झाली ती न्यायालयाबाहेर, शहा आयोगापुढे. देशभरात ‘मिसा’खालील स्थानबद्धांची संख्या ३४,९८८ होती, अशी नोंद आयोगाने केली. राजधानीत तर आधी माणूस उचलायचा, आदेशावर सही घ्यायची आणि कारणे मागाहून रचायची, असे प्रकार उघड झाले. ‘वरून सांगितले होते’ हा अधिकाऱ्यांचा बचाव. सचिवालयात उमेदवारी केलेल्या कोणालाही तो अपरिचित वाटणार नाही. वरच्यानेही त्याहून वरच्याकडेच बोट दाखवले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही अबाधित केले. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरील निकालात धनंजय चंद्रचूड यांनी पित्याचा निर्णय चुकीचा ठरवला. पुढे २०२१ मध्ये जबलपूरचाच जिल्हा दंडाधिकारी त्यांच्यापुढे प्रतिवादी म्हणून आला. बनावट रेमडेसिविर प्रकरणात एका रुग्णालय संचालकाला राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केले होते. त्याच्या निवेदनावर निर्णय घेण्यास व तो कळवण्यास सरकारांनी विलंब लावला, म्हणून न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. आरोप गंभीर होता, तरी विलंब क्षम्य ठरला नाही.

स्थानबद्धाची सुटका होते. पण विनाकारण आत टाकणाऱ्याला जाब कोण विचारणार? ‘मिसा’च्या कलम १६ ने सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा किंवा खटला चालणार नाही, अशी हमी दिली होती. तो कायदा १९७८ मध्ये गेला. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात तीच हमी पुन्हा आली, आणि कलमाचा क्रमांकही १६ च राहिला.