मशेरी लावतो ना, मग तोंडात डोकवा

बचत गटाच्या बैठकीत मशेरीचा विषय निघाला की बायका हसतात. "सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे ठरलेलं उत्तर. म्हणून आज आम्ही 'सोडा' म्हणून सुरुवात करत नाही. आज तोंड कसं बघायचं ते सांगतो.

तव्यावर भाजून काळी केली तरी मशेरी म्हणजे तंबाखूच. ती रोज जिथे लागते तिथली नाजूक कातडी जाड होते, आतल्या पेशी बदलू लागतात. सुरुवातीला हे बहुतेक दुखत नाही, आणि इथेच आपण फसतो.

आमच्या गटातल्या एका मावशींच्या गालात पांढरा चट्टा होता. तिखट झोंबायचं, तर त्यांनी भाजीतलं तिखटच कमी केलं! सहा महिने कुणाला बोलल्या नाहीत. आशाताईंनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणाले, तशा मावशी उठल्याच. "सुरी लागली की पसरतं." आम्हालाही तेव्हा उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं, तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. पेशी किती बदलल्यात ते त्यावरूनच पक्कं कळतं. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढला, मशेरी सुटली. मावशी अजून ठरल्या तारखेला तोंड दाखवून येतात.

आता आरसा घ्या, उजेडात बसा, चूळ भरा. ओठ उलटून बघा, मग दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली. पांढरा चट्टा बोटाने पुसून जात नसेल तर दाखवा. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जोखमीचा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडातली किंवा मानेतली गाठ, यांनाही थांबू नका. घरातल्या सुपारी-गुटखावाल्यांना तोंड उघडायला लावा. तीन बोटं उभी मावत नसतील तर त्यांनाही न्या.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 हा फोन फुकट आहे.

पुढच्या बैठकीला पासबुकाबरोबर आरसा आणा. बॅटरी मोबाइलची चालेल.