बालसमुद्राकाठचं शहर

"मामा, तुमच्या भंडाऱ्याहून समुद्र किती लांब आहे हो?"

दिवाळीच्या सुटीत आलेल्या माझ्या भाच्याने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही ओसरीवर चिवडा खात बसलो होतो. भाचा राहतो नालासोपाऱ्याला, आहे सातवीत. आता भंडाऱ्याच्या माणसाला समुद्राचं विचारणं म्हणजे उंटाला होडीचं विचारण्यासारखं. पूर्वेचा घ्या की पश्चिमेचा, आगगाडीत एक रात्र काढल्याशिवाय समुद्र आमच्या नजरेला पडत नाही.

"का रे बाबा? एकदम समुद्राची आठवण?"

मग खरी गोष्ट बाहेर आली. शाळेने प्रकल्प दिला होता, 'समुद्रकाठच्या एका प्राचीन नगराला एक दिवसाची भेट'. सुटी संपली की वही द्यायची होती. पठ्ठ्याने दोन पानं लिहिलीही होती. मी वाचली. छान होती. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं गजबजलेलं बंदर. तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला. आत दगडी पेटी सापडली आणि तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या. त्याच साली सम्राट अशोकाच्या लेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. आता खाडी गाळाने भरली आहे, बंदर राहिलं नाही, समुद्र मागे हटला. सगळं बरोबर.

"स्तूप कसा दिसतो रे?" मी विचारलं.

भाच्याने चिवड्यातला एक शेंगदाणा शोधून काढला. मग दुसरा. मग म्हणाला, "मी पाहिला नाही. घरापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं लागत असतील. पण... राहूनच गेलं."

माझी लेक पाचवीत आहे. ती खो-खो हसली. मीही हसलो, पण फार वेळ नाही. कारण आपल्याच जिल्ह्यात, एसटीने सव्वा-दीड तासावर तेवढंच जुनं एक शहर आहे आणि तिथं मी दहा-बारा वेळा तरी गेलो आहे: लग्नाला, बारशाला, एकदा तेराव्याला. जेवलो, अहेर दिला, परत आलो. पाहिलं काहीच नव्हतं. मी कुठल्या तोंडाने भाच्याला हसणार?

"उद्या सकाळच्या गाडीने पवनीला जायचं," मी जाहीर केलं.

"तिथं समुद्र आहे?" भाचा म्हणाला.

"आहे. छोटासा."

भंडारा ते पवनी अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. पहेला, अड्याळ अशी गावं घेत रस्ता दक्षिणेला जातो. धानाची कापणी चालू होती. कुठं बांध्यांमध्ये पिवळंजर्द उभं पीक, कुठं नुसती धसकटं आणि बांधावर तुरीची हिरवी रांग. वेळ घालवायला मी मुलांना पवनराजाची गोष्ट सांगितली. इकडे वर्ध्यापासून वैनगंगेपर्यंत ही गोष्ट सांगतात. पवनराजाकडे म्हणे परीस होता. तो शेतकऱ्यांकडून साऱ्यात पैसे घेत नसे, नांगराचा लोखंडी फाळ घेई आणि परीस लावून त्याचं सोनं करी. पौनार त्याचं, पवनी त्याचीच. हा राजा इतिहासाच्या पुस्तकात काही सापडत नाही. पण शेतकऱ्यांना असा राजा हवाहवासा वाटला असणार, हे मात्र पटतं.

पवनीला उतरलं की आधी आपण शहरात आहोत की किल्ल्यात, तेच कळत नाही. तीन बाजूंना मातीचा उंच तट, त्याच्यावर कुठं कुठं दगडी बांधकाम, बाहेरून खंदक. चौथ्या बाजूला भिंतीची गरजच नाही, तिथं वैनगंगा आहे. तटातला मोठा दरवाजा अजून उभा आहे. लोक त्याला जवाहर गेट म्हणतात. त्याच्याखालून सायकली जातात, मोटारसायकली जातात, शाळेची पोरं जातात, वर मान करून कुणी पाहत नाही. आम्ही तिघं मान वर करून उभे राहिलो, तर एक आजोबा थांबून विचारू लागले, "काय हरपलं जी तुमचं?"

"काही नाही आजोबा, दरवाजा पाहतो आहोत."

"त्याले काय पाहाचं? तो त हायेच." आणि गेले.

मग आम्ही बालसमुद्राकडे गेलो. हो, नावच बालसमुद्र! पवनीच्या मोठ्या तळ्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या याच नावाने ओळखतात. भाच्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अरबी समुद्र रोज पाहणाऱ्या माणसाच्या रुबाबात म्हणाला, "मामा, हा तलाव आहे."

"ज्यांनी नाव ठेवलं, त्यांनी कदाचित तुझा समुद्र पाहिला नसेल," मी म्हटलं. "किंवा पाहिला असेल आणि त्याची आठवण येत असेल."

हे मी सहज बोललो होतो. पण ते पुढे उपयोगी पडलं.

तळ्याजवळच जगन्नाथ टेकडी आहे. देवळावरून पडलेलं नाव. पहिल्या नजरेला गवताळ उंचवटाच, दुसरं काही नाही. लेकीने "एवढंच?" असं विचारलंसुद्धा. दोस्तांनो, तुम्हीही पहिल्यांदा गेलात तर हेच विचाराल. शेकडो वर्षं इथल्या माणसांनी हेच विचारलं असणार. मग १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. टेकडी थर काढत काढत खणली, तेव्हा कळलं की ही टेकडी नाहीच. हा विटांनी बांधलेला स्तूप आहे, सव्वादोन हजार वर्षांच्या आसपास जुना! आणि किती मोठा? सांचीचा मोठा स्तूप तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचा व्यास साधारण छत्तीस मीटर. हा त्याहून थोडा मोठाच भरतो. शिवाय पवनीत असा हा एकटा नाही, चांदकापूरच्या टेकडीखालीही स्तूप निघाला.

"आत काय असतं?" भाच्याने विचारलं.

आत काही नसतं. स्तूप भरीव असतो. त्याला दार नाही, खिडकी नाही. मधोमध कुठंतरी बुद्धाचे किंवा एखाद्या थोर भिक्षूचे अवशेष जपून ठेवलेले असतात आणि माणसं बाहेरून फेरी मारतात, प्रदक्षिणा घालतात. फेरीच्या वाटेभोवती दगडी कठडा. उभे खांब, खांबांच्या खाचांत बसवलेले आडवे दगड आणि डोक्यावर सलग दगडी पट्टी. आपल्याकडे गोठ्याला लाकडी कठडा असतो ना, अगदी त्याचीच दगडातली नक्कल.

पवनीच्या या कठड्याचे दगड उत्खननात मिळाले आणि त्यांच्यावर अक्षरं होती. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. कठडा कुण्या एका राजाने बांधला नाही. वर्गणी काढून बांधला. कुणी खांब दिला, कुणी आडवा दगड दिला आणि ज्याने जे दिलं, त्यावर त्याचं नाव कोरलं. देणाऱ्यांत साधी माणसं आहेत, बाया आहेत, भिक्षुणीसुद्धा आहेत. आपल्या बसस्थानकावरच्या बाकावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं ना? तेच. बाकावरचा रंग पाच वर्षांत उडतो. ही नावं दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात.

"पण ती वाचली कुणी? तेव्हा मराठी थोडंच होतं!" लेक म्हणाली.

तेव्हाची लिपी ब्राह्मी. मधल्या काळात ती वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने १८३७ साली तिचं कोडं सोडवलं, आणि तेही अशाच वर्गणीच्या नावांवरून. सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख त्याने समोर मांडले. प्रत्येक लेख वेगळा, पण शेवट मात्र सारखा. देवळात शेवटी काय लिहितात? 'दान'! तिथून द आणि न सापडले आणि मग धागा उलगडत गेला. ब्राह्मीत क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, आणि त्यात टिंब दिलं की थ. मी एवढं सांगायचा अवकाश, दोघांनी काडीने मातीत गिरवायला सुरुवात केली.

इथला एक खांब फार प्रसिद्ध आहे. त्यावर मुचलिंद नाग कोरला आहे. बुद्ध ध्यानाला बसले होते, सात दिवस मुसळधार पाऊस लागला. तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने त्यांच्या डोक्यावर फणा धरला. खांबावर पाच फण्यांचा तो नाग आहे, खाली आसन आहे, आणि आसनावर कुणीच नाही. शिल्पकार विसरला नाही हं! त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धतच नव्हती. रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष, यावरून ओळखायचं. रिकाम्या जागेवर पाऊस पडू नये म्हणून फणा धरून बसलेला तो नाग मला फार आवडतो.

"कुठं आहे तो खांब?" दोघं एकदम उठली.

इथं मात्र मला खाली मान घालावी लागली. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काही शिल्पं नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. नेले नसते तर कदाचित कुणाच्या पायरीला लागले असते, हेही खरं. पण पवनीच्या पोराला पवनीचा नाग बघायला दिल्लीला जावं लागतं, हे काही मला पटत नाही. निदान टेकडीपाशी त्याचं एक मोठं चित्र तरी असावं.

दुपारी डब्यातल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि घाटावर गेलो. घाटावर, गावात देवळं इतकी आहेत की मोजायचा नाद सोडलेला बरा. पंचमुखी गणपती मात्र चुकवू नका, तो विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. नदीवर एक काका जाळं साफ करत होते. पाण्याचं विचारलं तर त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला हात दाखवला. तिकडे गोसेखुर्दचं धरण. पायाभरणी १९८८ ची, तेहतीस दरवाजे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर त्यांनी सांगितला, पाणी कुठवर चढलं ते हाताने दाखवलं. मुलं गप्प झाली.

"आणि इथून पाणी कुठं जातं?" भाच्याने विचारलं.

"समुद्राले," काका म्हणाले. "आमी नाही गेलो भाऊ, पाणी जाते."

खरंच आहे. वैनगंगा वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला.

तेव्हा मला अजब बंगल्यातला पवनीचा आणखी एक दगड आठवला. तो 'छायाखांब' आहे, म्हणजे स्मारकस्तंभ. त्यावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचं नाव आहे. क्षत्रप हे पश्चिमेकडचे राज्यकर्ते. भरुच आणि सोपारा ही बंदरं त्यांच्या ताब्यात होती. त्यांच्यापैकी नहपानाचा जावई उषवदात याने सोपाऱ्यात धर्मशाळा बांधल्याचं नाशिकच्या लेण्यात कोरलेलं आहे. त्याच क्षत्रपांपैकी एकाचं स्मारक इतक्या लांब, वैनगंगेकाठी!

"म्हणजे सोपाऱ्याची माणसं इथं आली होती?" भाच्याचे डोळे मोठे झाले.

"निदान सोपाऱ्यावर राज्य करणाऱ्यांपैकी कुणीतरी."

"मग त्यांनीच त्या तळ्याला समुद्र म्हटलं असेल!"

याला पुरावा काही नाही, असं मी त्याला बजावलं. प्रकल्पात लिहू नकोस, असंही बजावलं. त्याने ते लिहिलंच, पण पुढे कंसात 'हा माझा अंदाज आहे' असं घातलं. चालेल.

परतीच्या गाडीत लेक खिडकीच्या धुळीत अधिकची चिन्हं काढत होती. भाचा शेवटचं पान लिहीत होता. समुद्र नसलेल्या शहराबद्दल लिहिलं म्हणून बाई मार्क कापतील का, ही त्याला चिंता होती.

आठवड्याने बहिणीचा फोन आला. रविवारी सकाळी हा उठून स्तूपाकडे जाऊन आला म्हणे. मी त्यालाच फोन द्यायला सांगितलं.

"मामा, रिक्षाने बाराच मिनिटं लागली," तो म्हणाला.