पाचव्या मासातील सविस्तर सोनोग्राफी : वेळ सांभाळण्याचे दायित्व वैद्यांचे

गर्भिणी परिचर्या हा आपल्या शास्त्राचा मानबिंदू आहे. मासानुमासिक आहार, क्षीरपाक, घृत, विहार यांविषयी आपण वैद्यमंडळी गर्भिणीस विस्ताराने सांगतो आणि तिचा व तिच्या कुटुंबाचा आपल्या शब्दावर विश्वासही असतो. परंतु याच विश्वासामुळे एक जबाबदारी आपल्यावर येते. ज्या तपासणीची वेळ एकदा टळली की परत येत नाही, ती तपासणी वेळेवर सुचविणे, ही ती जबाबदारी होय. ‘अ‍ॅनॉमली स्कॅन’, ‘टार्गेट स्कॅन’ किंवा बोली भाषेत ‘पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी’ या नावांनी ती ओळखली जाते. चिकित्सक आणि औषधालय चालक या दोहोंच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा विषय येथे मांडीत आहोत.

आमची एक चूक

प्रारंभी आमच्याच चिकित्सालयातील एक अनुभव प्रांजळपणे सांगतो. २०१६ साली एक प्रथमगर्भा सतराव्या आठवड्यात आमच्याकडे आली. अरुची व अम्लपित्ताची तक्रार होती. आम्ही औषध दिले, आहार लिहून दिला आणि सोनोग्राफीचे ‘पुढच्या भेटीत पाहू’ असे म्हणालो. ती माहेरी गेली आणि पुढची भेट लांबली. सोनोग्राफी झाली तेव्हा तेवीस आठवडे उलटले होते आणि गर्भाच्या पाठीचा कणा उघडा असल्याचे निदान झाले. त्या काळी कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. त्या दांपत्याने काय निर्णय घेतला असता, हा त्यांचा प्रश्न होता. मात्र निर्णय घेण्याची संधीच त्यांना राहिली नाही, आणि त्याला आमचे ते एक वाक्य कारणीभूत झाले. तेव्हापासून गर्भिणीच्या पहिल्याच भेटीत सोनोग्राफीची तारीख केसपेपरवर लिहून देण्याचा नियम आम्ही केला.

हीच वेळ का?

तिसऱ्या मासात अंगप्रत्यंगांचा विभाग सूक्ष्म असतो व चौथ्या मासात तो अधिक व्यक्त होतो, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात वर्णिले आहे. हृदय व्यक्त झाल्यामुळे गर्भिणीस दौहृदिनी म्हणतात, हेही आपण जाणतोच. आधुनिक यंत्राचा अनुभव याच्याशी विसंगत नाही. अठरा आठवड्यांपूर्वी हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे, ओठ हे अवयव इतके लहान असतात की बारकावे नीट दिसत नाहीत. बावीस आठवड्यांनंतर अस्थी अधिक घट्ट होत जातात, त्यांची छाया पडते आणि काही भाग पाहणे कठीण होते. म्हणून अठरा ते बावीस आठवडे हा काळ सर्वमान्य आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ध्यानात घेता अठरा ते वीस आठवडे अधिक श्रेयस्कर होत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शनात चोवीस आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी व्हावी, असे सुचविले आहे.

महिने नव्हे, आठवडे मोजा

खरा घोटाळा होतो तो मोजणीत. ‘पाचवा चालू आहे’ असे गर्भिणी सांगते. पण पाचवा लागला की पाचवा सरला, हे आपण विचारीत नाही. एक उदाहरण घेऊ. पाळीची तारीख तिला आठवत नाही, परंतु ‘संक्रांतीच्या चार दिवस आधी’ एवढे ती नक्की सांगते. म्हणजे १० जानेवारी. (वर्ष लीप नाही असे धरू.) अठरा आठवडे १६ मे रोजी पूर्ण होतात, वीस आठवडे ३० मे रोजी, बावीस १३ जून रोजी आणि चोवीस आठवडे २७ जून रोजी. आता महिन्यांच्या हिशेबाने पाहा. पाचवा महिना १० मे रोजी लागतो आणि १० जून रोजी सरतो. पाचवा सरल्यावर जी स्त्री सोनोग्राफीस जाते, तिच्या हाती चोवीस आठवड्यांपर्यंत अवघे सतरा दिवस उरतात.

यावरून सोपा नियम असा की, चार महिने पूर्ण होताच नाव नोंदवावे आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत तपासणी उरकावी. पाळी अनियमित असेल, किंवा स्तन्यपानाच्या काळातच गर्भ राहिला असेल, तर केवळ पाळीवर विसंबू नये. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात व त्यावरून वय बऱ्याच अचूकपणे ठरते. या मोजमापात आणि पाळीच्या हिशेबात सात दिवसांहून अधिक अंतर पडल्यास सोनोग्राफीचे वय ग्राह्य धरतात. एकदा निश्चित झालेली तारीख पुढे प्रत्येक तपासणीत बदलू नये.

कायद्याचे भान

२०२१ च्या दुरुस्तीपूर्वी वीस आठवड्यांनंतर निदान झालेल्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागे. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयविकाराचे निदान उशिरा झालेल्या मुंबईच्या एका दांपत्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली होती व त्या प्रकरणाने देशभर चर्चा झाली. सुधारित कायद्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका व वीस ते चोवीस आठवड्यांत दोन पात्र डॉक्टरांचे मत लागते. हा दुसरा टप्पाही नियमांत सांगितलेल्या विशिष्ट परिस्थितींपुरताच आहे आणि गर्भातील गंभीर व्यंग हे त्यांतील एक आहे. चोवीस आठवड्यांनंतर गंभीर व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने, परवानगी मिळते. गर्भजलाच्या गुणसूत्र तपासणीचा अहवाल यावयास दोन-तीन आठवडे लागू शकतात, हेही या हिशेबात धरावे.

मात्र या तपासणीचा हेतू केवळ गर्भपाताचा निर्णय एवढाच नाही. पुष्कळ व्यंगांवर जन्मानंतर शस्त्रकर्म होऊ शकते. ते आधी कळले तर बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयातच प्रसूती ठरविता येते.

काय दिसते, काय दिसत नाही

मेंदू, चेहरा व ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे व मोठ्या रक्तवाहिन्यांचे उगम, जठर, पोटाची भिंत, मूत्रपिंडे, बस्ती, हातपाय हे सारे क्रमाने पाहतात. त्याबरोबर वार कोठे आहे, नाळेत किती रक्तवाहिन्या आहेत, गर्भजल किती आहे व गर्भाशयमुखाची लांबी किती, याचीही नोंद होते. या वेळी वार खाली असल्याचे लिहून आले तर कुटुंब घाबरून जाते. बहुतेक स्त्रियांमध्ये गर्भाशय वाढते तशी वार वर सरकते; सुमारे बत्तीस आठवड्यांना पुन्हा पाहावे.

‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे मूल सर्वथा निर्दोष, अशी ग्वाही मात्र देऊ नये. हृदयातील काही लहान छिद्रे, उशिरा प्रकट होणारे विकार व डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष या तपासणीत निसटू शकतात. मातेस मधुमेह असेल किंवा कुटुंबात जन्मजात हृद्रोग असेल तर गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी सुचवावी.

तयारी

उपाशी जाण्याची आवश्यकता नाही. मधुमेही गर्भिणीने तर मुळीच उपाशी राहू नये. या महिन्यांत गर्भजल पुरेसे असते, त्यामुळे तासन्‌तास लघवी रोखण्याचेही कारण नाही. केंद्राने पाणी पिऊन येण्यास सांगितले असेल तर तेवढेच प्यावे. कपडे सैल असावेत. अभ्यंग चालू असल्यास त्या दिवशी पोटास तेल लावू नये. चिकित्सकाची चिठ्ठी, ओळखपत्र आणि पूर्वीचे सर्व रिपोर्ट बरोबर न्यावेत. तपासणीस अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. गर्भाची स्थिती अनुकूल नसेल तर थोडे चालून पुन्हा यावयास सांगतात. त्यात काळजीचे काही नाही. ‘किरणांनी बाळास अपाय होतो’ ही भीतीही दूर करावी. यात ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नसतात.

ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांना शासकीय रुग्णालयाकडे पाठवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भिणींची मोफत तपासणी होते.

औषधालय चालकांसाठी

गर्भलिंग विचारणे व सांगणे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्या कक्षेत आली आहे. ‘मुलगाच व्हावा’ म्हणून शिवलिंगी बीज किंवा तत्सम पुड्या मागणारे गिऱ्हाईक दुकानात आले तर ते देऊ नये व समजावून परत पाठवावे. हरियाणातील अभ्यासांत अशा औषधांचा जन्मजात व्यंगांशी संबंध आढळल्याचे प्रसिद्ध झाले आहे. उलट, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीस फॉलिक आम्लाची आठवण अवश्य द्यावी. गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना सुरू केलेले रोजचे ४०० मायक्रोग्रॅम मज्जारज्जूच्या व्यंगांचा धोका बराच कमी करते. आम्ही वर सांगितलेल्या व्यंगाची बाब यांतच मोडते.

गर्भिणी आपल्याकडे येते तेव्हा क्षीरपाकाबरोबर एक तारीखही लिहून द्यावी, ती तिच्या सासरी व माहेरी दोन्हीकडे कळवावी, आणि त्या तारखेस तपासणी झाली की नाही, याची दूरध्वनीवरून चौकशी करावी. यास दोन मिनिटे लागतात. आम्ही २०१६ साली ती दोन मिनिटे दिली नाहीत. आमच्या वैद्यबंधु-भगिनींनी ती अवश्य द्यावीत, एवढीच नम्र विनंती.