चांदीच्या कागदातली अळी

दिवाळीच्या आधी आमच्या तिगावातल्या किराणा दुकानांची झाडझूड निघते. गेल्या वर्षी अशाच एका दुकानात उभा होतो. ज्वारीच्या पोत्याला टेकून चॉकलेटचा खोका होता. दुकानदाराने तो उचलला तसं खालून एक राखाडी-तांबूस पाखरू भिरभिरत उडालं. आतल्या एका चॉकलेटच्या वेष्टणाच्या घडीत बारीक धाग्यांची जाळी धरली होती, जाळीत तपकिरी भुकटी, आणि भुकटीत वळवळणारी पांढुरकी अळी. दुकानदार म्हणाला, "माल आतूनच किडून येते भाऊ." कंपन्या नेमकं उलटं सांगतात, की किडा दुकानात लागतो.

कोकोच्या बिया शेंगेतून काढून पाचसहा दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात आणि तागाच्या पोत्यांत भरतात. त्या पोत्यांना आपल्या ज्वारी-तांदळाच्या पोत्यांसारखीच कीड लागते. कारखान्यात बिया भाजल्या की जिवंत असेल ते मरतं, पण किड्यांचे तुकडे भरडले जाऊन काही प्रमाणात उरतात. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने त्याची मर्यादाच छापली आहे: 100 ग्रॅमचे सहा नमुने तपासून किड्यांचे तुकडे सरासरी 60 किंवा अधिक निघाले, किंवा उंदराचा केस सरासरी एक किंवा अधिक, तर माल सदोष. ही कारवाईची रेषा आहे. प्रत्येक वडीत तेवढे तुकडे असतातच असं नाही.

पण भाजून, दळून, वितळवून साच्यात ओतलेल्या चॉकलेटमधून कोणतीही अळी जिवंत बाहेर येत नाही. म्हणून वळवळणारी अळी दिसली, तर ती साच्यानंतर आत शिरली, हे नक्की. कारखान्याच्या गोदामात, घाऊक व्यापाऱ्याकडे, दुकानात, नाहीतर आपल्याच कपाटात. धान्य आणि सुक्यामेव्यावरच्या पाखराची मादी शंभर ते चारशे अंडी घालते. चॉकलेटचा वास तिला ओढतो. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते, दुमडलेल्या कागदाची फट तिला पुरते. मोठी झालेली अळी पातळ प्लास्टिक कुरतडूनही जाते. म्हणजे दुकानदाराचं म्हणणं बरोबर नव्हतं. पण कंपनीचं तरी पूर्ण बरोबर कुठे आहे?

ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईच्या ग्राहकांनी कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी केल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तळेगावच्या कारखान्यातला साठा जप्त केला. आयुक्त होते उत्तम खोब्रागडे. 25 ऑक्टोबरला दिवाळी होती, म्हणजे भेटीच्या खोक्यांचा ऐन हंगाम. कंपनीने साठवणुकीकडे बोट दाखवलं. खोब्रागडे यांचा सवाल साधा होता: मग वेष्टण हवाबंद का नाही? त्या काळी चांदीचा कागद नुसता दुमडून वर कागदी पट्टा असे. विक्री सुमारे 30 टक्क्यांनी घसरल्याचं तेव्हा छापून आलं. कंपनीने 'विश्वास' नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवण शिकवली, जानेवारी 2004 मध्ये अमिताभ बच्चन यांना पुढे आणलं, आणि मुख्य म्हणजे कागद चारही बाजूंनी उष्णतेने चिकटवून वर दुसरी बंद पिशवी चढवली. ती पिशवी हीच मला सगळ्यात मोठी कबुली वाटते. भारतात माल ज्वारीच्या पोत्याशेजारीच विकला जाणार, हे कंपनीला आधीपासून ठाऊक होतं. तरी तक्रार अजून संपलेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये हैदराबादच्या मेट्रो स्थानकातल्या दुकानातून घेतलेल्या डेअरी मिल्कमध्ये अळी निघाली आणि तेलंगणाच्या सरकारी प्रयोगशाळेने नमुना खाण्यास असुरक्षित ठरवला.

अळी पोटात गेली तर किळस येते, आजार क्वचित. उंदराचं तसं नाही. त्याच्या लेंड्यांतून साल्मोनेलासारखे जंतू पसरतात, आणि चॉकलेटमधली चरबी या जंतूंना पोटातल्या आम्लापासून सांभाळते. त्यामुळे थोडे जंतूही पुरतात. 2022 मध्ये बेल्जियममधल्या कारखान्यातली किंडर चॉकलेटं साल्मोनेलामुळे अनेक देशांतून परत मागवावी लागली. तिथे उंदराचा संबंध नव्हता, पण चॉकलेट जंतूला किती जपतं ते त्यातून दिसलं. म्हणून कुरतडलेलं वेष्टण दिसलं, तर उरलेला चांगला तुकडा मुलांना देऊ नका.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि चॉकलेट 34 अंशांच्या आसपासच विरघळतं. पुन्हा घट्ट झालं की वर पांढुरका थर येतो. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी आहे. कीड ओळखायची ती जाळी, भुकटी आणि भोकं पाहून.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 नुसार अळ्या, किडे लागलेलं अन्न असुरक्षितच. तक्रार करायची असेल तर वेष्टण फेकू नका. त्यावरचा बॅच क्रमांक आणि 14 आकडी परवाना क्रमांक शाबूत ठेवा, बिल जपा, फोटो काढा, चॉकलेट स्वच्छ डबीत बंद करा. आमचं गाव मध्य प्रदेशात, त्यामुळे बोली मराठी असली तरी तक्रार मुंबईला जात नाही. ती जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यायची. आमच्यासाठी तो जिल्हा म्हणजे 2023 मध्ये वेगळा झालेला पांढुर्णा. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक सगळीकडे चालतो.

त्या दिवशी दुकानदाराने तो खोका बाहेर काढून जाळला. मग दुसरा खोका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा पोत्यांपासून लांब, गल्ल्याच्या मागच्या फळीवर सरकवला.