१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेमलो संख्येचे गुणधर्म

नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. 'लीलावती'तील स्थाननामे लावल्यास तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी येतो. 'परार्ध' एकच स्थान पुढे राहतो. अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. ते कोणा ग्रीक पंडिताचे नाव नसून डोंबिवली रेल्वे स्थानकाचे जुने नाव आहे.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. डाव्या व उजव्या भागाच्या बेरजेत जो अंक पुनःपुन्हा येतो, तोच मधल्या भागात असतो. १६५ मध्ये १ + ५ = ६. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्ये ९.

या सममितीचे कारण उभ्या गुणाकारात सापडते. नऊ ओळी एकेक घर सरकत मांडल्या जातात. त्यामुळे स्तंभांत १, २, ३ असे वाढत ९ पर्यंत एक जमतात आणि पुन्हा कमी होतात. कोठेही हातचा येत नाही. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्याने तिच्या वर्गाला ५ × ३ × ३ = ४५ विभाजक आहेत.

सांगलीच्या हळद बाजारातील बारा अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावत नाही. सातारच्या महाविद्यालयातील संगणकावर एक्सेल पंधराच सार्थ अंक राखते आणि १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर देते. ही चूक यंत्र सांगत नाही; नवांची जुनी कसोटी मात्र सांगते. मूळ संख्येला ९ ने भाग जातो, तर या उत्तराच्या अंकांची बेरीज ७८ येते. शालेय वर्गांतून ही कसोटी मागे पडावी, हे खेदजनक होय.

दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात १० होतात, हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. सममिती मोडते, परंतु येथेच दुसरा गुणधर्म प्रकटतो. वर्गाचे शेवटचे दहा अंक वेगळे काढून उरलेल्या भागात मिळवल्यास १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११, म्हणजे मूळ संख्याच! ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५; अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात.

याचे कारण असे : दहा-दहा अंकांचे भाग पाडून बेरीज करणे म्हणजे ९९९९९९९९९९ ने भागून बाकी पाहणे. मूळ संख्या 'न' मानल्यास भाजक ९न होतो. वर्गातून न वजा केल्यास न × (न − १) उरते. दहा एकांच्या संख्येत न − १ ला ९ ने भाग जातो, म्हणून वर्ग आणि न यांची बाकी एकच येते. नऊ एकांच्या संख्येत न − १ म्हणजे ११११११११०. तिच्या अंकांची बेरीज ८, म्हणून तिला ९ ने भाग जात नाही. तेथे नऊ-नऊ अंकांची बेरीज १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ येते आणि देखणी सममिती असूनही १११११११११ ही कापरेकर संख्या ठरत नाही.