‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळ नव्हे

भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत ऑडिट जवळ आले की आयटीआय-डिप्लोमा करून आलेली आपली मुले इंग्रजी मानकांची पाने उलटू लागतात. तांत्रिक शब्द त्यांना ठाऊक असतात. अडते ते शॅल, शुड, मे आणि कॅन या चार लहान क्रियापदांपाशी. व्याकरणात यांना ‘मोडल ऑक्झिलिअरी’ म्हणतात. सक्ती, सल्ला, मुभा की शक्यता, हे वाक्यात तीच ठरवतात.

गैरसमज : ‘आय’ आणि ‘वुई’पुढे शॅल, इतरांपुढे विल, दोन्ही भविष्यकाळाची.
वस्तुस्थिती : शाळेतला हा जुना नियम मानकांना लागू नाही. शॅल म्हणजे आवश्यकता, असे आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकाच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. ‘द ऑर्गनायझेशन शॅल…’ याचा अर्थ ‘कंपनी करील’ असा नसून ‘कंपनीने केलेच पाहिजे’ असा आहे. केले नसेल, तर ऑडिटमध्ये एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे अट न पाळल्याची नोंद) निघते.

गैरसमज : शुड हे शॅलचेच नम्र रूप.
वस्तुस्थिती : शुड ही शिफारस आहे. पाळलेली बरी, पण ती पाळली नाही, एवढ्यावरून एनसी होत नाही.

गैरसमज : मे म्हणजे ‘कदाचित’.
वस्तुस्थिती : मानकात मे म्हणजे परवानगी. शक्यता किंवा क्षमता सांगायला कॅन वापरतात.

गैरसमज : मस्ट सर्वांत कडक, म्हणून तोच लिहावा.
वस्तुस्थिती : आयएसओच्या लेखननियमांनुसार शॅलऐवजी मस्ट चालत नाही. मानकाची अट आणि कायद्यासारखे बाहेरचे बंधन यांची गल्लत होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

गैरसमज : हा ऑफिसातल्या इंग्रजीचा प्रश्न, लाइनवर त्याचे काय काम?
वस्तुस्थिती : वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९:२०१६ मधील कलम ८.५.१.२ नुसार कामाच्या सूचना त्या पाळणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत हव्यातच. तिथेही क्रियापद शॅलच आहे. मात्र मराठी करताना ‘गेज तपासावे’ एवढेच लिहिले, तर कुणाला तो हुकूम वाटतो, कुणाला सल्ला. ‘शिफ्ट सुरू होण्यापूर्वी गेज तपासलेच पाहिजे’ असे लिहिल्यावर शंकेला जागा राहत नाही.

आपल्या लाइनवरच्या सूचना या नजरेने एकदा वाचून पाहा. सक्ती असेल तिथे ‘केलेच पाहिजे’, सल्ला असेल तिथे ‘शक्यतो करावे’, मुभा असेल तिथे ‘केले तरी चालेल’ असे स्पष्ट लिहा. सूचना पाळणाऱ्याला तिचा अर्थ नेमका कळणे, हा त्याचा हक्क आहे.